संगणकाचें दप्तर

आजच्या विषयाचें नांव ऐकून पुष्कळांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, हा विषय यंत्रशाळेंतील तज्ज्ञांचा असून आपल्या घरसंसाराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. परंतु आज बहुतेक घरांतील मुलांचीं छायाचित्रें, परीक्षांचीं प्रमाणपत्रें, खरेदीखतांच्या नकला, एवढेंच नव्हे तर दिवंगत वडिलांचा आवाजदेखील कोठल्या ना कोठल्या यंत्रांत सांठविलेला असतो. शेताचा सातबारासुद्धां आतां संगणकांतूनच निघतो. हें सर्व नेमकें कोठें राहतें, किती वर्षें राहतें, आणि नाहींसें झालें तर परत मिळतें कीं नाहीं, हे प्रश्न मग केवळ तज्ज्ञांचे राहत नाहींत. त्यांचीं उत्तरें कळावयाचीं तर आधीं दहापंधरा शब्द नीट कळले पाहिजेत. मी यंत्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें तें मुलांस शिकविण्यांत. पण शब्दाचा अर्थ पक्का झाल्यावांचून पुढचा धडा घेऊं नये, ही शिक्षकाची जुनी रीत आहे, आणि त्याच रीतीनें आज हा विषय आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम एक शंका दूर करतों. टेप, ड्राइव्ह, डेटा हे शब्द परके, तेव्हां ते मराठींत बोलावे कीं नाहीं, असा वाद पुष्कळदां ऐकूं येतो. पेशव्यांचे कागद पुण्याच्या दप्तरांत रुमालांमध्यें बांधून ठेवलेले होते. त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत संपादून प्रसिद्ध केले. आतां ‘दप्तर’ हा शब्द फारसीच्या वाटेनें आला आणि ‘रुमाल’ही तसाच आला, पण आज शाळेंत जाणारें मूल पाठीवर दप्तर घेतें, तेव्हां तो शब्द परका आहे असें कोणी म्हणत नाहीं. सारांश, शब्द कोठून आला यापेक्षां तो कोणत्या अर्थानें वापरला जातो हें अधिक महत्त्वाचें. जेथें आपला शब्द सहज बसेल तेथें तो वापरूं, जेथें बसणार नाहीं तेथें टेपला टेप म्हणूं.

डेटा या शब्दास कांहीं लेखक ‘विदा’ म्हणतात. विदा आणि माहिती यांत थोडा भेद आहे. पर्जन्यमापकांतील पाणी रोज सकाळीं मोजून वहींत जे आंकडे लिहिले, ती विदा. त्या आंकड्यांवरून यंदा पाऊस कमी झाला असें जें आपण जाणलें, ती माहिती. यंत्र सांठवितें तें विदा सांठवितें. तिची माहिती मनुष्य करतो.

दुसरी जोडी याहून महत्त्वाची आहे : स्मृति आणि सांठवण. व्यवहारांत दोहोंनाही ‘मेमरी’ असें एकच नांव देतात, आणि तेथेंच घोटाळा होतो. शाळेंतील पाटी आणि वही यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. पाटीवर गणित भराभर करतां येतें, परंतु तास संपला कीं पाटी पुसली जाते. संगणकाची स्मृति ही त्याची पाटी होय; वीज गेली कीं ती कोरी होते. सांठवण ही वही. वीज असो वा नसो, लिहिलेलें तिच्यांत राहतें. तबकडी, चुंबकीय फीत आणि फोनमधील कार्ड हीं सर्व वह्यांचीं निरनिराळीं रूपें आहेत.

आतां मापें पाहूं. संगणकास दोनच खुणा ठाऊक : आहे किंवा नाहीं, एक किंवा शून्य. अशा एका खुणेस ‘बिट’ म्हणतात, आणि आठ बिटांचा एक ‘बाइट’ होतो. इंग्रजी अक्षरास बहुधा एक बाइट पुरतो. देवनागरींत मात्र, आज रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणें, प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्ताची खूण हीं वेगळीं चिन्हें गणिलीं जातात. ‘अल्लीपूर’ हें आमच्या गांवाचें नांव घ्या. अ, ल, हलन्त, पुन्हा ल, वेलांटी, प, उकार आणि र, अशीं आठ चिन्हें झालीं; म्हणजे २४ बाइट. हजार बाइटांचा किलोबाइट, दहा लाखांचा मेगाबाइट, शंभर कोटींचा गिगाबाइट, आणि एक लाख कोटींचा टेराबाइट. आपल्या पूर्वजांनीं परार्धापर्यंत संख्यांस नांवें देऊन ठेविलीं होतीं, तेव्हां या आंकड्यांनीं मराठी माणसानें घाबरण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे फितीकडे वळूं. चुंबकावर आवाज उतरवून ठेवण्याची युक्ति डेन्मार्कमधील व्हाल्डेमार पौल्सेन यानें १८९८ सालीं सिद्ध केली. त्यानें फीत न वापरतां पोलादी तार वापरली होती. पुढें १९२८ सालीं जर्मनींतील फ्रिट्झ फ्लॉइमर यानें कागदाच्या पट्टीवर लोहयुक्त पूड चिकटवून पहिली फीत तयार केली, आणि १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत तीवर चालणारें ध्वनिमुद्रणाचें यंत्र लोकांनीं पाहिलें. आकाशवाणीच्या कानाकोपऱ्यांत पुढें जी ध्वनिफीत पोंचली, तिचें मूळ हेंच. संगणकासाठीं फितीचा उपयोग १९५१ सालीं अमेरिकेंतील युनिव्हॅक यंत्रांत झाला. ती फीत धातूची होती. पुढल्याच वर्षीं आय. बी. एम. कंपनीनें प्लास्टिकची अर्धा इंच रुंद फीत आणली. तिच्यावर एका इंचांत १०० अक्षरें मावत, आणि ती एका सेकंदांत ७५ इंच धांवे. म्हणजे सेकंदास ७,५०० अक्षरें वाचून होत. आपल्या प्रांतांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्याच्याबरोबर अशीं फीतयंत्रें आलीं.

या यंत्राचे भाग आम्हां वर्धा जिल्ह्यांतील लोकांस समजावयास कठीण नाहींत, कारण सूत गुंडाळण्याची क्रिया येथें सेवाग्राम आश्रमाच्या काळापासून घरोघर परिचित आहे. चात्यावरचें सूत फाळक्यावर घेतात, तशी एका रिळावरची फीत यंत्रांतून जाऊन दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाते. जुन्या हिशेबानें चार फुटांची एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडीचें सूत २,५६० फूट. संगणकाच्या फितीचें पुढें रूढ झालेलें मोठें रीळ २,४०० फुटांचें होतें. म्हणजे गुंडीस किंचित् कमी!

येथें दोन शब्द वेगळे ठेविले पाहिजेत. ज्यावर लिहितात ती फीत, आणि जें लिहितें व वाचतें तें यंत्र. त्यास ‘टेप-ड्राइव्ह’ अथवा फीतयंत्र म्हणावें. हा भेद कागद आणि लेखणी यांच्या भेदासारखा आहे, मात्र एक अधिक गोष्ट ध्यानांत धरावी : कागद लेखणीवांचून वाचतां येतो, फीत यंत्रावांचून वाचतां येत नाहीं. याचा परिणाम पुढें सांगणार आहें.

यंत्राचा जो लहानसा भाग फितीस भिडतो व चुंबकाच्या खुणा उमटवितो किंवा ओळखतो, त्यास ‘हेड’ म्हणतात. फितीवर ज्या रेषेनें या खुणा उमटत जातात तिला ‘ट्रॅक’ म्हणतात. गाडीच्या चाकांनीं रस्त्यावर जी चाकोरी पडते, तीच ही चाकोरी. १९५२ च्या फितीवर अशा सात चाकोऱ्या होत्या. आज मोठ्या कचेऱ्यांत एलटीओ नांवाची जी फीत वापरतात, तिच्या २०२१ सालच्या नवव्या पिढीच्या पेटींत १,०३५ मीटर लांबीची फीत असते, आणि तेवढ्याच अर्ध्या इंचांत ८,९६० चाकोऱ्या असतात. इतक्या चाकोऱ्या एकदम कशा लिहितात, असा प्रश्न येईल. तिफणीच्या तीन फणांनीं तीन ओळी एकदम पेरल्या जातात, त्याप्रमाणें हें हेड ३२ ओळी एकदम लिहितें. आणि शेताच्या टोकास बैल वळवून परत आणावे, तशी फीत टोकाशीं पोंचली कीं उलट दिशेनें चालून पुढच्या ३२ ओळी लिहिल्या जातात. अशा २८० फेऱ्या झाल्या म्हणजे फीत भरते. यंत्र पूर्ण वेगानें चाललें तरी त्यास सुमारें साडेबारा तास लागतात.

हिच्या कुवतीचा अंदाज देतों. या पेटींत १८ टेराबाइट विदा मावते. मराठी पुस्तकाच्या एका पानावर दोन हजार चिन्हें धरलीं तर पानास सहा हजार बाइट, आणि तीनशें पानांच्या पुस्तकास अठरा लाख बाइट होतात. अठरा लाख कोटींस अठरा लाखांनीं भागा. भागाकार एक कोटि येतो. एक कोटि पुस्तकांचा मजकूर हाताच्या तळव्यावर राहील एवढ्या पेटींत बसतो! मात्र त्याच पेटीवर ४५ टेराबाइट असाही आंकडा छापलेला असतो, त्यानें फसूं नये. हिंगणघाटच्या प्रेसमध्यें कापूस दाबून गठाण बांधतात, तेव्हां वजन तेंच राहून जागा कमी लागते. विदाही अशी दाबतां येते, आणि उलगडली म्हणजे पूर्ववत् होते. परंतु जो माल आधींच दाबलेला आहे, तो पुन्हा दाबून फारसा कमी होत नाहीं. छायाचित्रें व चलच्चित्रें बहुधा अशीं आधींच दाबलेलीं असतात. म्हणून खरा आंकडा अठराचाच समजावा.

फितीची एक मर्यादा मात्र जन्मजात आहे. जुन्या जन्मपत्रिका लांबच लांब कागदाच्या गुंडाळ्या असत. शेवटची महादशा पाहावयाची तर सगळी गुंडाळी उलगडावी लागे. पुस्तकाचें तसें नाहीं. दोनशेंवें पान पाहिजे तर एकदम तेंच उघडतां येतें. फीत ही गुंडाळी आहे, तबकडी हें पुस्तक आहे. पहिल्या प्रकारास क्रमवार वाचन म्हणतात, दुसऱ्यास यथेच्छ वाचन. फितीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकास जाण्यास आजच्या यंत्रासही एकदोन मिनिटें लागतात, आणि संगणकाच्या हिशेबानें हा काळ फार मोठा होय. म्हणूनच १९५६ सालीं पहिली चुंबकीय तबकडी निघाल्यावर रोजच्या कामांतून फीत हळूहळू मागें पडली. परंतु दीर्घकाळ ठेवण्याच्या कामांत ती आजही टिकून आहे.

फितीवर लिहितांना मजकूर खंडाखंडांनीं लिहितात. एका खंडास ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि जुन्या फितींत दोन खंडांमध्यें थोडी मोकळी जागा सोडीत, म्हणजे यंत्रास थांबण्यास व पुन्हा वेग घेण्यास अवसर मिळे. शिवाय लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोय असते. आमच्या लहानपणीं गुणाकार केला कीं गुरुजी नवाचा ताळा पाहावयास लावीत. संगणकही ताळा पाहतो. सात चाकोऱ्यांच्या फितींत सहा खुणा अक्षराच्या असत आणि सातवी ताळ्याची. ती अशी घालीत कीं एकांची एकूण संख्या ठरल्याप्रमाणें सम किंवा विषम व्हावी. वाचतांना ताळा जुळला नाहीं, तर कोठें तरी खूण बिघडली हें तत्काळ कळे. आजचे ताळे इतके कुशल आहेत कीं, ते चूक दाखवितात एवढेंच नव्हे, तर पुष्कळदां ती दुरुस्तही करतात.

येथवर शब्द झाले; आतां ज्यासाठीं हे शब्द शिकावयाचे तें सांगतों. नक्कल ठेवणें आणि दप्तर करणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चालू कामाची दुसरी प्रत सुरक्षित जागीं ठेवणें याला ‘बॅकअप’ म्हणतात. त्यास राखीव प्रत म्हणावें. ज्याचें रोजचें काम संपलें, पण जें पुढील पिढ्यांसाठीं राखावयाचें, तें ‘आर्काइव्ह’. तेंच आपलें दप्तर. आणि ज्याची दुसरी प्रत नाहीं तें, मग तें कितीही सुंदर यंत्रांत असो, केवळ दैवाच्या हवाली केलेलें आहे.

२१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाला आग लागली. मनुष्यहानि झाली, आणि अनेक खात्यांच्या कागदी फायली जळून गेल्या. एकच प्रत एकाच इमारतींत असली म्हणजे काय होतें, हें त्या दिवशीं साऱ्या राज्यानें पाहिलें. याच्या उलट उदाहरण २०११ सालच्या फेब्रुवारींतलें. गूगल कंपनीच्या टपालसेवेंत एका दोषामुळें कांहीं ग्राहकांचीं सर्व पत्रें नाहींशीं झालीं. तबकड्यांवर अनेक प्रती होत्या, पण तोच दोष सर्व प्रतींस बाधला. शेवटीं तीं पत्रें परत मिळालीं तीं चुंबकीय फितींवरून, कारण फडताळांत ठेवलेली फीत कोणत्याही यंत्रास जोडलेली नसते. जोडलेल्या यंत्रांतील दोष, किंवा दूरवर बसलेला चोर, तिच्यापर्यंत पोंचूं शकत नाहीं. खंडणीसाठीं संगणक कुलुपबंद करणाऱ्या चोरांच्या या दिवसांत फितीचा हा मंदपणाच गुण ठरला आहे.

ज्यावर पुन्हा लिहावयाचें नाहीं त्यास राखण्याचीही युक्ति फितींत प्रथमपासून आहे. जुन्या रिळाच्या मागें खांचेंत एक कडी बसवीत. कडी काढली कीं त्या फितीवर लिहितां येत नसे. घरांतील गाण्याच्या कॅसेटच्या कडेची लहान चकती मोडली म्हणजे तीवरचें गाणें पुसलें जात नसे, हें आपणांपैकीं अनेकांनीं केलें असेल. आजच्या पेटीवर त्यासाठीं एक सरकती कळ असते.

परंतु प्रत सुरक्षित राहिली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. ती वाचतां आली पाहिजे. आमच्या विदर्भांतीलच दाखला देतों. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमींत नाहींशी झाली, आणि शिष्यांनीं ज्याला जें स्मरत होतें त्यावरून ती पुन्हा सिद्ध केली, असें महानुभाव परंपरा सांगते. पुढें या पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून राखले. ग्रंथ राहिले, पण लिपीची किल्ली ठाऊक नसल्यानें ते बाहेरच्यांस शतकानुशतकें मुकेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं अभ्यासकांस त्यांचा उलगडा झाला, तेव्हां कोठें जुन्या मराठीचें भांडार जगापुढें आलें. संगणकांत या लिपीस ‘फॉरमॅट’ म्हणतात, म्हणजे लेखनपद्धति. आणि येथें लिपीबरोबर यंत्रही लागतें. १९६६ व १९६७ सालीं अमेरिकेच्या यानांनीं चंद्राभोंवतीं फिरून घेतलेलीं चित्रें फितींवर होतीं. फिती जपल्या गेल्या, परंतु त्या वाचणारीं यंत्रें जवळजवळ नाहींशीं झालीं होतीं. कोणी एकीनें कांहीं मोडकीं यंत्रें राखून ठेवलीं होतीं, म्हणून २००८ च्या सुमारास तीं दुरुस्त करून तीं चित्रें पुन्हा उतरवितां आलीं.

आजच्या फितींची स्थितीही विचार करण्यासारखी आहे. थंड व कोरड्या जागीं, साधारण १६ ते २५ अंशांत, फीत तीस वर्षें टिकेल असें कारखानदार सांगतात. आमच्याकडील उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या खोलींत ती ठेवणें म्हणजे लोणी चुलीजवळ ठेवणें होय. पण फितीपेक्षां यंत्राचें आयुष्य अधिक चिंतेचें. एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंतचीं यंत्रें मागील दोन पिढ्यांच्या पेट्या वाचीत. आठव्या व नवव्या पिढीचीं यंत्रें मागील एकच पिढी वाचतात. आणि २०२५ सालीं निघालेल्या दहाव्या पिढीचें यंत्र मागील कोणतीच पेटी वाचीत नाहीं. म्हणून दप्तर राखणाऱ्यानें दर कांहीं वर्षांनीं जुन्या फितींवरचा मजकूर नव्या फितींवर उतरवीत राहिलें पाहिजे. पोथी जीर्ण होण्यापूर्वीं तिची नक्कल करून घेण्याची आपली जुनी परंपरा आहे. हा त्याचाच नवा अवतार होय. ज्ञान पेटींत टिकत नाहीं, नकलकाराच्या जागरूकतेंत टिकतें.

मला ठाऊक असलेल्या एका शाळेनें आपलें दाखल-खारीज रजिस्टर मोठ्या हौसेनें संगणकावर उतरवून घेतलें. तें काम झाल्यावर, आतां हीं जुनीं पिवळीं रजिस्टरें कशास ठेवावयाचीं, असा विचार निघाला होता. सुदैवानें एका वृद्ध शिपायानें तीं पेटींत घालून ठेवलीं. पुढें संगणकाची तबकडी निकामी झाली, आणि दुसरी प्रत कोणींच केलेली नव्हती. त्या रजिस्टरांत शेंकडों शेतमजुरांच्या मुलांची जन्मतारीख आहे, जात आहे, बापाचें नांव आहे. त्यांपैकीं पुष्कळांजवळ आपल्या अस्तित्वाचा दुसरा लेखी पुरावा नाहीं. कोणाचें निवृत्तिवेतन, कोणाच्या नातवाची शिष्यवृत्ति त्या एका ओळीवर अवलंबून असते. सांठवण आणि राखीव प्रत या दोन शब्दांतील भेद न कळल्यामुळें तें सारें जाण्याची वेळ आली होती. शब्दांचा अभ्यास म्हणजे कोरडें पांडित्य नव्हे, असें मी म्हणतों तें याचसाठीं.

घरांत फीतयंत्र आणण्याची कोणास जरूर नाहीं. तें महाग असतें, आणि मोठ्या कचेऱ्यांसच परवडतें. परंतु फितीनें शिकविलेला नियम घरासही लागू आहे. जें मोलाचें आहे त्याच्या तीन प्रती असाव्यात; त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात; आणि त्यांपैकीं एक प्रत दुसऱ्या गांवीं, निदान दुसऱ्या घरीं असावी. लेक सासरीं असेल तर तिच्याजवळ ठेवावी. प्रत्येक प्रतीवर ती कशाची व कोणत्या वर्षाची हें स्वच्छ अक्षरांत लिहावें. वर्षांतून एकदां, दसऱ्यास वह्या-पुस्तकांची पूजा करतो त्या दिवशीं म्हणा, त्या प्रती उघडून वाचतां येतात कीं नाहीं हें पाहावें. न उघडलेली प्रत म्हणजे ताळा न पाहिलेलें गणित. आणि मूळ कागद, विशेषतः ज्यांवर सही-शिक्का आहे ते, कधींही टाकून देऊं नयेत.

पाटी आणि वही, फीत आणि यंत्र, राखीव प्रत आणि दप्तर, या तीन जोड्यांतला भेद आजच्या भाषणानें आपल्या मनांत स्पष्ट झाला असेल, तर मुलांसही तो समजावून सांगावा, इतकीच विनंति आहे.